धूम्रपानमुक्तीतील परस्पर आधार

धूम्रपानमुक्तीतील परस्पर आधार म्हणजे विडी, सिगारेट इत्यादींचे व्यसन सोडू इच्छिणाऱ्या आणि ते आधीच सोडलेल्या व्यक्तींनी एकमेकांना दिलेले प्रोत्साहन, अनुभवजन्य माहिती आणि सोबत होय. प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या उपस्थितीत भरणाऱ्या साप्ताहिक गटबैठका, व्यसनमुक्तांनी स्वतः चालवलेली स्वयंसाहाय्य मंडळे, ठरावीक दिवशी वा महिन्यात अनेकांनी मिळून धूम्रपान सोडण्याच्या मोहिमा आणि दोघा मित्रांनी परस्परांना दिलेले वचन, ही त्याची प्रमुख रूपे आहेत. वैद्यकीय उपचार, समुपदेशन व औषधे यांना हा आधार पर्याय नसून पूरक मानला जातो.

कोणत्याही मदतीवाचून धूम्रपान सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी साधारण तीन ते पाच व्यक्तीच सहा ते बारा महिने त्यापासून दूर राहू शकतात, असे अभ्यासांत आढळले आहे. बहुतेक प्रयत्न पहिल्या आठ दिवसांतच मोडतात. त्यामुळे परस्पर आधाराच्या बहुतेक पद्धतींचा भर सोडण्याच्या निश्चयापेक्षा त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांवर असतो.

पार्श्वभूमी

तंबाखूच्या धुरातील निकोटीन हे द्रव्य फुप्फुसांवाटे रक्तात मिसळून साधारण दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते विशिष्ट ग्राहींना जोडले जाते आणि डोपामिन या रसायनाचे स्रवण वाढून क्षणिक सुखद संवेदना निर्माण होते. वारंवार सेवनाने मेंदू या पुरवठ्याला सरावतो. पुरवठा थांबताच तलफ, चिडचिड, अस्वस्थता, उदासपणा, एकाग्रतेचा अभाव, झोपमोड आणि वाढलेली भूक अशी लक्षणे दिसू लागतात. ती पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. प्रत्येक तलफ मात्र बहुधा काही मिनिटांचीच असते.

धूम्रपानाला शारीरिक बाजूइतकीच सामाजिक बाजूही आहे. सकाळचा चहा, जेवणानंतरचा वेळ, कार्यालयातील मधली सुट्टी, टपरीवरच्या गप्पा, रात्रपाळी, प्रवासातील थांबा अशा प्रसंगांशी धूम्रपानाची सांगड बसलेली असते. काडेपेटी मागण्याच्या निमित्ताने ओळखी होतात आणि एकाच सिगारेटचे झुरके वाटून घेतल्याने मैत्री घट्ट होते. त्यामुळे धूम्रपान सोडणाऱ्याला केवळ निकोटीन सोडावे लागत नाही, तर अनेकदा नेहमीची सोबतही काही काळ दूर ठेवावी लागते. ज्यांच्याबरोबर तो इतकी वर्षे धूम्रपान करीत आला, त्यांच्याकडून ‘एकाने काय होते’ असा आग्रहही होतो. सुटलेल्या सोबतीच्या जागी दुसरी सोबत उभी करणे हा परस्पर आधारामागील मूळ विचार आहे.

सोडल्याने होणारा लाभ मोठा आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आयुष्यभर सिगारेट ओढणारे लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावतात. वयाच्या साठाव्या, पन्नासाव्या, चाळिसाव्या आणि तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडल्यास त्यांपैकी अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ आणि १० वर्षे परत मिळतात. म्हणजेच लवकर सोडणे उत्तम असले, तरी उतारवयातही सोडणे व्यर्थ जात नाही.

इतिहास

व्यसनी व्यक्तींनी एकमेकांच्या आधाराने व्यसनमुक्त होण्याच्या आधुनिक पद्धतीचे मूळ मद्यमुक्तीच्या चळवळीत आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. नावाची गुप्तता, नियमित सभा, अनुभवकथन आणि जुन्या सभासदाने नव्या सभासदाला दिलेली साथ ही तिची वैशिष्ट्ये होती. याच धर्तीवर १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात धूम्रपान करणाऱ्यांचे गट सुरू झाले आणि पुढे ‘निकोटीन ॲनॉनिमस’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

धूम्रपानापुरता विचार केल्यास संघटित गटपद्धतीचा आरंभ त्याआधीचा आहे. १९६०च्या सुमारास अमेरिकेत जे. वेन मॅकफार्लंड हे डॉक्टर आणि एलमन फोकनबर्ग हे धर्मोपदेशक यांनी ‘फाइव्ह-डे प्लॅन’ हा कार्यक्रम तयार केला. यात धूम्रपान सोडू इच्छिणारे लोक सलग पाच संध्याकाळी एकत्र जमत. भरपूर पाणी पिणे, फिरायला जाणे, दीर्घ श्वसन करणे अशा सूचनांबरोबरच प्रत्येकाला गटातील एक जोडीदार दिला जाई आणि तलफ आल्यास त्याला दूरध्वनी करण्यास सांगितले जाई. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा धूम्रपान व आरोग्य या विषयावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य करण्यात आला. त्यानंतर असे कार्यक्रम वाढत गेले.

एकाच दिवशी अनेकांनी मिळून सोडण्याच्या कल्पनेचे श्रेय आर्थर मुलेनी यांना दिले जाते. ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील रँडॉल्फ येथील माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांचे समुपदेशक होते. गावकऱ्यांनी एक दिवस सिगारेट सोडावी आणि वाचलेले पैसे शाळेच्या शिष्यवृत्ती निधीला द्यावेत, असे आवाहन त्यांनी १९७० मध्ये केले. १९७४ मध्ये मिनेसोटा राज्यातील ‘माँटिसेलो टाइम्स’चे संपादक लिन स्मिथ यांनी असाच दिवस आयोजित केला. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या कॅलिफोर्निया शाखेने सुमारे दहा लाख लोकांना एका दिवसासाठी धूम्रपान सोडण्यास प्रवृत्त केले. १९७७ पासून हा ‘ग्रेट अमेरिकन स्मोकआउट’ देशभर होऊ लागला. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी पाळला जातो.

इंग्लंडमध्ये २०१२ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘स्टॉपटोबर’ ही मोहीम सुरू झाली. सलग २८ दिवस धूम्रपान न करणाऱ्याची कायमचे सोडण्याची शक्यता पाचपट असते, हे तिचे सूत्र होते. सर्वांनी एकाच महिन्यात सुरुवात केल्यामुळे घरी, कार्यालयात व मित्रमंडळींत सोबती आपोआप मिळतात, हा तिचा विशेष होय. पहिल्या वर्षीच्या मोहिमेमुळे सोडण्याचे सुमारे साडेतीन लाख अतिरिक्त प्रयत्न झाले, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

कार्यपद्धती

प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील गट साधारणतः सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एकदा भेटतो. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत सुरुवातीच्या बैठकीत माहिती व तयारी होते आणि नंतर सर्व सभासद एकाच ठरलेल्या दिवशी धूम्रपान पूर्णपणे थांबवतात. ‘आजपासून पुढच्या बैठकीपर्यंत एकही झुरका घेणार नाही’ असे प्रत्येक जण सर्वांसमोर सांगतो. पुढच्या बैठकीत श्वासातील कार्बन मोनॉक्साइड वायूचे प्रमाण लहान यंत्राने मोजले जाते. या मोजणीमुळे स्वतःची प्रगती आकड्यांत दिसते आणि बोलण्याला पुरावाही मिळतो.

गटातील मार्गदर्शकाचे काम व्याख्यान देण्याचे नसते. सभासदांनी एकमेकांशी बोलावे यासाठी तो प्रसंगानुरूप प्रश्न विचारतो आणि चुकीची माहिती दुरुस्त करतो. परस्पर आधार पुढील प्रकारे उपयोगी पडतो, असे मानले जाते.

१. लक्षणांचा अर्थ समजणे : तिसऱ्या दिवशीची चिडचिड किंवा पहिल्या आठवड्यातील खोकला हे आजाराचे लक्षण नसून शरीर सावरत असल्याची खूण असू शकते, हे त्याच वाटेने गेलेल्या माणसाकडून ऐकल्यावर भीती कमी होते.

२. उत्तरदायित्व : आपण पुन्हा कोणाला तरी भेटणार आहोत आणि विचारणा होणार आहे, ही जाणीव मोहाच्या क्षणी अटकाव करते.

३. व्यवहारातील युक्त्या : चहाची जागा वा वेळ बदलणे, टपरी टाळून दुसऱ्या रस्त्याने जाणे, खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवणे, तलफ येताच पाणी पिणे किंवा चार पावले चालून येणे अशा लहानसहान उपायांची देवाणघेवाण होते.

४. उदाहरण : आपल्यासारखीच परिस्थिती असलेला माणूस सहा महिने सिगारेटविना राहिला, हे पाहिल्यावर ‘मला जमणार नाही’ हा समज ढिला पडतो.

५. मदत करणाऱ्याचा लाभ : अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार स्वयंसाहाय्य गटात मदत घेणाऱ्याइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक लाभ मदत देणाऱ्याला होतो. नव्या सभासदाला धीर देताना जुन्या सभासदाचा निश्चय दृढ होतो.

घसरण आणि पुनर्प्रयत्न

सोडल्यानंतर एखाद्या प्रसंगी एक सिगारेट ओढली जाणे याला घसरण म्हणतात. धूम्रपान पूर्ववत सुरू होणे म्हणजे व्यसन पुन्हा लागणे. या दोन अवस्थांमधील काळ निर्णायक असतो. ‘आता मोडलेच, तर राहिले काय’ या विचाराने अनेक जण एका सिगारेटवरून पुन्हा रोजच्या पाकिटावर येतात. एकट्या व्यक्तीला घसरण लपवणे सोपे जाते आणि लपवल्यामुळे अपराधीपणा वाढतो. गटात ती सांगता येते. कोणत्या प्रसंगी, कोणाबरोबर, कोणत्या मनःस्थितीत ती झाली याचा विचार होतो आणि पुढच्या वेळची तयारी करता येते.

म्हणून घसरलेल्या सभासदाला न रागावता, पण झालेल्या गोष्टीला क्षुल्लकही न ठरवता, त्याच दिवसापासून पुन्हा आरंभ करण्यास सांगणे हा अशा गटांचा सर्वमान्य संकेत आहे. कायमचे सोडण्यापूर्वी अनेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. मागील प्रयत्नात आलेला अनुभव पुढील प्रयत्नात उपयोगी पडतो.

परिणामकारकतेविषयी संशोधन

निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम हृदयरोग अभ्यासातील १२,०६७ व्यक्तींच्या परस्परसंबंधांची १९७१ ते २००३ या काळातील माहिती त्यांनी तपासली. जोडीदाराने धूम्रपान सोडल्यास दुसऱ्याची धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी, लहान कार्यालयातील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले. परस्परांशी जोडलेले लोक बहुधा गटागटाने धूम्रपान सोडत होते आणि जे सोडत नव्हते ते हळूहळू समाजाच्या कडेला ढकलले जात होते.

कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये गटपद्धतीविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ माहितीपुस्तिकेच्या साहाय्याने स्वतः प्रयत्न करणाऱ्यांच्या तुलनेत गटात सहभागी झालेल्यांची यशाची शक्यता सुमारे दीडपट ते सव्वादोनपट असल्याचे १३ चाचण्यांवरून दिसून आले. गटपद्धत ही तितक्याच सखोल वैयक्तिक समुपदेशनापेक्षा सरस आहे, असे मात्र सिद्ध झाले नाही. पती, पत्नी, मित्र किंवा नातेवाईक यांना आधार देण्याचे शिकवून सोडणाऱ्यांचे यश वाढते का, याचा आढावाही याच संस्थेने २०१८ मध्ये घेतला. अशा कार्यक्रमांमुळे यश वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. यावरून घरच्यांचा आधार निरुपयोगी ठरत नाही, परंतु केवळ प्रशिक्षणाने तो निर्माण होतो असेही म्हणता येत नाही.

भारतातील स्थिती

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के होते आणि त्यांत सिगारेटपेक्षा विडी ओढणारे अधिक होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के व्यक्तींनी सर्वेक्षणापूर्वीच्या वर्षभरात ते सोडण्याचा प्रयत्न केला होता.

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा केंद्रीय कायदा २००३ मध्ये झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. मे २०१६ मध्ये दिल्लीतील वल्लभभाई पटेल छाती संस्थेत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू करण्यात आली. तिचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्यात छापला जातो. पुढे मुंबईतील टाटा स्मारक केंद्रासह अन्य संस्थांतही या सेवेची केंद्रे सुरू झाली. येथे प्रशिक्षित समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवण्यास मदत करतात आणि नंतर स्वतः दूरध्वनी करून चौकशी करतात.

सहकाऱ्यांच्या आधाराचा भारतातील एक अभ्यासलेला प्रयोग बिहारमधील शिक्षकांचा आहे. ‘तंबाखूमुक्त शिक्षक – तंबाखूमुक्त समाज’ हा कार्यक्रम नवी मुंबईतील हीलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतील संशोधक यांच्या सहकार्याने २००९ ते २०११ या काळात राबवण्यात आला. अभ्यासात ७२ शाळांचा समावेश होता आणि त्यांपैकी निम्म्या शाळांत कार्यक्रम राबवला गेला. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाने पुढाकार घेतला, शिक्षकांच्या चर्चा झाल्या, शाळेचे तंबाखूविषयक धोरण ठरले आणि सोडणाऱ्या सहकाऱ्यांना साथ देण्यात आली. कार्यक्रम संपताच घेतलेल्या पाहणीत, या शाळांतील तंबाखूसेवन करणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्के जणांनी महिनाभर तंबाखू सोडलेली होती. अन्य शाळांत हे प्रमाण १५ टक्के होते. नऊ महिन्यांनंतर सहा महिने तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १९ व ७ टक्के आढळले. हा दुसरा फरक संख्याशास्त्रीय निश्चिततेच्या सीमारेषेवर होता. एका कर्मचारीवृंदात रोज भेटणारी माणसे एकमेकांचा आधार होऊ शकतात, तसेच काळ जाईल तसा हा आधार पुन्हापुन्हा द्यावा लागतो, अशा दोन्ही गोष्टी या आकड्यांवरून दिसतात.

महाराष्ट्र

याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखूचे सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २६.६ टक्के होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातील खर्रा आणि प्रामुख्याने स्त्रियांमध्ये आढळणारी मिश्री हे तिचे प्रचलित प्रकार आहेत. त्यामुळे राज्यातील व्यसनमुक्तीच्या कामात धूम्रपानाचा विचार स्वतंत्रपणे न होता बहुधा एकूण तंबाखूबरोबर होतो. सिगारेट सोडून तंबाखू मळू लागणे ही व्यसनमुक्ती नव्हे, हेही येथे सांगावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सुट्ट्या सिगारेट व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

परस्पर आधाराची परंपरा राज्यात प्रामुख्याने दारू व अमली पदार्थांच्या संदर्भात विकसित झाली. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये केली. व्यसनमुक्त झालेल्या व्यक्तींचा नव्याने आलेल्यांना मिळणारा आधार हा तेथील कामाचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात व्यक्तीबरोबरच संपूर्ण गावाच्या सामूहिक निर्णयाला महत्त्व देण्यात आले.

मर्यादा

परस्पर आधार सर्वांना सारखाच उपयोगी पडत नाही. अनोळखी लोकांसमोर बोलण्याचा संकोच, कामाच्या वेळा, प्रवासखर्च आणि जवळपास गट नसणे यांमुळे अनेक जण बैठकांना येत नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत समाजात होणाऱ्या निंदेच्या भीतीने धूम्रपान मुळातच लपवले जाते. त्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र बैठक किंवा दूरध्वनीवरील समुपदेशन अधिक सोयीचे ठरते. गटातील एखाद्या प्रभावी सभासदाची घसरण इतरांचे मनोबल खचवू शकते. दोघांच्या जोडीत हा धोका अधिक असतो, कारण एकाने पुन्हा सुरुवात केल्यास दुसराही त्याच्याबरोबर जाण्याची शक्यता वाढते. म्हणून जोडीदाराबरोबरच व्यापक गटाशी किंवा समुपदेशकाशी संपर्क ठेवणे हितावह असते.

अनुभवी व्यक्तीचा सल्ला हा वैद्यकीय सल्ला नसतो. निकोटीनयुक्त च्युइंगम व पट्ट्या, तसेच बुप्रोपियॉन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे यशाची शक्यता वाढवतात. परंतु त्यांची मात्रा व योग्यायोग्यता डॉक्टरांनीच ठरवावी लागते. हृदयविकार, गर्भावस्था किंवा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना हे विशेषत्वाने लागू पडते. सोडल्यानंतरची उदासी दीर्घकाळ टिकल्यास गटाने धीर देण्यावर न थांबता त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक असते. औषध, समुपदेशन आणि सोबत यांची सांगड घातली गेल्यास यशाची शक्यता त्यांपैकी कोणत्याही एकाच उपायापेक्षा अधिक असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.